हवाबंद म्हणून घेतलेल्या ४० पिशव्यांनी माझं भात खाल्लं

दिवाळीनंतर मळणी उरकली आणि आठवड्यात दोघेजण गाडी घेऊन दारात. गळ्यात ओळखपत्रं, तोंडात 'अनुदान'. सरकारी योजना आहे म्हणाले, मी भुललो. ५० किलोच्या ४० हवाबंद पिशव्या, ३४० रुपयाला एक, म्हणजे १३,६००. वर ओलावा मोजायचं यंत्र ३,२००. एकूण १६,८०० रुपये मी फोनवरून एका माणसाच्या खासगी खात्यावर पाठवले. पावती नाही. 'अनुदान जमा झालं की बिल येईल.' बिल नाही तर पैसे नाहीत, एवढं तरी तुम्ही पाळा.

मी अडाणी नाही. हवाबंद पिशवी खोटी नसते. आतला प्राणवायू संपतो, सोंडे म्हणजे धान्यातले किडे गुदमरून मरतात, औषध लागत नाही. आमच्या पश्चिम भागात पावसाळ्यात भिंतीसुद्धा पाझरतात, तिथं पोत्यातलं भात किती टिकणार? म्हणून घेतल्या.

पण तो क्षण डोळ्यांसमोरून हलत नाही. आईनं एक पिशवी फुगवली, तोंड पिळलं आणि गुडघ्याखाली दाबली. शिवणीतनं फुस्स झालं. "लेका, हिच्यातनं वारं जातंय." त्या दोघांतला एक म्हणाला, "मावशी, माल भरला की बसतंय." आणि मी आईलाच गप्प केलं. आईला!

जुलैत पिशवीत हात घातला तर भात गरम, कुबट वास, पांढरी बुरशी, सोंडे वळवळतायत. २० क्विंटलमधलं १३ क्विंटल गेलं. बियाणंही त्यातच. मग यंत्रात मुद्दाम पाणी शिंपडलेलं भात घातलं, तरी ओलावा १२ टक्केच! यंत्र ओल्यालाही कोरडं दाखवत होतं, म्हणजे मी ओलं भातच भरलं होतं. ओलावा बघायला यंत्र नको, कोरड्या काचेच्या बाटलीत भात आणि कोरडं मीठ घालून हलवा. मीठ काचेला चिकटलं तर अजून वाळवा. एक पैसा लागत नाही. आणि बुरशीचं भात जनावरांना घालू नका, विष दुधात उतरतं.

कृषीच्या कार्यालयात गेलो. "अशी योजनाच नाही, घेतलंत कसं?" तेच दोघं गावोगाव फिरत होते तेव्हा तुम्ही कुठं होता? पोलीस ठाण्यात तीन हेलपाटे. पहिल्यांदा साहेब नाहीत, दुसऱ्यांदा हद्द आमची नाही, तिसऱ्यांदा "पैसे तुम्हीच पाठवलेत, हा व्यवहार आहे." साधा अर्जसुद्धा घेतला नाही. ग्राहक आयोगात जा, एवढं एकानंही सांगितलं नाही. ५ लाखांपर्यंतच्या मालाला तिथं फी नाही, तक्रारीची मुदत २ वर्षं, हे माझं मीच शोधलं.

तक्रार टाकली आहे. आईनं दाबलेली ती पिशवी तशीच माळ्यावर ठेवली आहे, पुरावा म्हणून.