ग्रॅम्प्स: गावांच्या बदलत्या नावांसाठी घ्यावं असं मोफत सॉफ्टवेअर

पुण्यात घराण्याची वंशावळ जुळवणाऱ्यांनी, त्यातही ज्यांचे पूर्वज करारावर मजूर म्हणून मॉरिशसला गेले त्यांनी, फक्त गावांच्या नोंदींसाठी का होईना, ग्रॅम्प्स हे वंशावळीचं सॉफ्टवेअर वापरावं. गावासाठी एकच चौकट असली की कागदावरचं 'पूना, बॉम्बे' खोडून लोक 'पुणे, महाराष्ट्र' लिहितात. १८७० साली महाराष्ट्र राज्यच नव्हतं. ग्रॅम्प्समध्ये गावाची नोंद वेगळी असते आणि ते कधी कशात मोडत होतं हे तारखेसह लिहिता येतं.

सावंतवाडी घ्या. आधी संस्थान आणि रत्नागिरी, सिंधुदुर्ग या दोन्ही जिल्ह्यांच्या नोंदी करा. मग गावाच्या 'एन्क्लोज्ड बाय' (म्हणजे कशात मोडतं) टॅबमध्ये तीन ओळी: १९४८ पर्यंत सावंतवाडी संस्थान, १९४८ ते ३० एप्रिल १९८१ रत्नागिरी, १ मे १९८१ पासून सिंधुदुर्ग. मधल्या ओळीला तारीख 'फ्रॉम–टू' अशीच द्या. 'बिटवीन' लिहिलंत तर त्याचा अर्थ 'या दरम्यानचा कुठलातरी एक दिवस' असा होतो आणि सगळी उतरंड चुकते. आज सिंधुदुर्गात असलेले मालवण-वेंगुर्ला संस्थानात नव्हते, थेट रत्नागिरी जिल्ह्यात होते. म्हणून १८६० च्या कागदावर 'रत्नागिरी' दिसलं की आजच्या रत्नागिरीतच गाव शोधत बसू नका.

कागदावरचं 'रटनागेरी', 'सतारा' जसंच्या तसं 'ऑल्टरनेटिव्ह नेम्स'मध्ये टाका. गुरुवार पेठेखाली तिचं जुनं नाव वेताळ पेठ, तेही तिथेच. प्रमाण नाव एकच, पण जुनं एकही पुसायचं नाही.

जेडकॉम (वंशावळीची माहिती एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात नेण्याचा फाइलप्रकार) फाइल आत घेतली की 'पूना, बॉम्बे' ही अख्खी ओळच एक ठिकाण बनून येते. अशा दुहेरी नोंदी 'मर्ज' करता येतात, पण घाई नको. एकट्या पुणे जिल्ह्यात वडगाव मावळ, वडगाव शेरी, वडगाव बुद्रुक, वडगाव निंबाळकर आहेत. तालुका पटल्याशिवाय नुसतं 'वडगाव' कशातच मिसळू नये. बुद्रुक आणि खुर्द यांचंही तेच, ती दोन गावं आहेत.

उणिवा दोन. प्रकारांच्या यादीत तालुका नाही, हाताने लिहावा लागतो. दुसरी जास्त बोचते: जेडकॉम करून नातेवाइकांना पाठवलं की तारखांची ही सगळी उतरंड गळून एक ओळ उरते. समोरच्याकडेही ग्रॅम्प्स असेल तर त्याची स्वतःची एक्सएमएल फाइलच पाठवा.