मालवणात क्रूझच्या नावाखाली 14,450 रुपयांना गंडा, गाडी नसेल तर आधी हे वाचा

"दुमजली सनसेट क्रूझ, गाडीसकट मालवण दर्शन" अशी जाहिरात दिसली आणि खाली फक्त व्हॉट्सअ‍ॅप नंबर असेल तर एक रुपयासुद्धा पाठवू नका. मी पाठवले. नातेवाईकांना अजून सांगितलेलं नाही, लाज वाटते, पण दिवाळीच्या सुट्टीत अजून किती जणांना टोपी घातली असेल त्याने कोण जाणे, म्हणून लिहितोय.

आम्ही पाच जण. आई, बाबा, बायको, मुलगी आणि मी. आमच्याकडे गाडी नाही. मालवणात लोक सरळ स्कूटी भाड्याने घेतात पण 76 वर्षांच्या बाबांना स्कूटीवर बसवून कुठे फिरवू? आणि क्रूझचं खूळ माझं नव्हतं, बाबांसाठी होतं. लहानपणी ते भाऊच्या धक्क्यावरून बोटीने मालवणला यायचे, त्या बोटी बंद होऊन जमाना झाला, गावचं घरही आता राहिलं नाही, तर निदान एक संध्याकाळ बोटीवर बसवावं एवढंच मनात होतं. ह्यात माझं काय चुकलं ते मला कोणी सांगावं.

पेज एकदम झकास होतं. पहिलाच मेसेज "येवा, कोकण आपलोच आसा", मग ब्रोशर, मग व्हॉइस नोट. सर गाडी नाही ना, टेन्शनच घेऊ नका, आमची इको कुडाळ स्टेशनला येईल, सिंधुदुर्ग किल्ला, राजकोट, रॉक गार्डन दाखवून चार वाजता देवबागला क्रूझवर सोडेल, रात्री हॉटेलवर परत. मोठ्यांचे 1,850, मुलीचे 950, एकूण 8,350. निम्मे आधी म्हणून 4,175 पाठवले. दोन दिवसांनी लाइफ जॅकेटचं रिफंडेबल डिपॉझिट 2,500. मग बंदर खात्याचा पास 1,200, त्यासाठी सगळ्यांच्या आधारचे फोटो पण मागितले. पासचं ऐकून मला उलट बरंच वाटलं होतं, चला माणूस कायदेशीर काम करतोय.

आता जे मनातून जातच नाही ते सांगतो. निघायच्या आदल्या दिवशी वेळ विचारायला त्याला फोन लावला, स्पीकरवर होता. बाबांना राहवलं नाही, त्यांनी मध्येच विचारलं, "तुझा गाव खंयचा रे?" पलीकडे शांतता. मग तो "हॅलो हॅलो सर, आवाज कट होतोय" करायला लागला. बाबांनी परत विचारलं, "मालवणातलोच मां तू?" फोन कट. दोन मिनिटांत मेसेज आला, सॉरी सर नेटवर्क इश्यू, उद्या भेटू. आधी मराठीत घडाघडा बोलणारा माणूस मालवणीतल्या एका साध्या प्रश्नावर गप्प होतो, आणि मेसेज मात्र "आपलोच आसा". बाबा म्हणाले पण, "हो आमचो नाय," म्हणजे हा आपल्यातला नाही. मी म्हटलं बाबा, आता कोकणात धंदा करणारे कितीतरी लोक बाहेरचे आहेत, मालवणी आलीच पाहिजे असं थोडंच आहे? तुम्हीही हेच म्हणाला असता. पण तो फोन आठवला की रात्री झोप लागत नाही, 7,875 तेव्हा गेलेच होते पण पुढचे तरी वाचले असते.

कोकणकन्याने सकाळी कुडाळला उतरलो तर इको खरंच उभी. ड्रायव्हर खरा, गाडी खरी, नंबर प्लेट खरी. लगेच फोन, सर गाडी मिळाली ना, मग बाकीचे 4,175 टाका म्हणजे क्रूझची सीट कन्फर्म करतो. समोर गाडी उभी असताना कोण संशय घेईल? क्यूआरवर नाव कुठल्यातरी ट्रेडर्सचं आलं, तो म्हणाला आमच्या अकाउंटंटचं खातं आहे. टाकले. हीच ह्यांची नवी पद्धत आहे बरं का, लक्षात ठेवा. एखाद्या खऱ्या गाडीवाल्याला फोनवर बुक करायचं, त्याला सांगायचं पैसे पार्टी देईल, आणि ती गाडी दाखवून आपल्याकडून उरलेले उकळायचे.

धक्क्यावर पोचल्यावर किल्ल्याच्या होडीचं तिकीट पॅकेजमध्ये आहे म्हटलं तर ड्रायव्हरला काहीच माहीत नाही. फोन केला तर "सर तुम्ही काढा, संध्याकाळी अ‍ॅडजस्ट करतो". काढलं. किल्ला मात्र सुंदर, बाबांनी नातीला दहीबाव, दूधबाव, साखरबाव तिन्ही विहिरी स्वतः हिंडून दाखवल्या, 1664 साली महाराजांनी हे काम सुरू केलं वगैरे सगळं सांगितलं. मग राजकोटला महाराजांचा नवा पुतळा बघितला, दुपारी जेवलो.

चारला देवबाग. कर्ली नदीच्या काठाला लहान लहान बोटी लागलेल्या, दुमजली काहीच नाही. फोन बंद. व्हॉट्सअ‍ॅपवर एकच टिक. बाबा इस्त्रीचा शर्ट घालून, आधार कार्ड वरच्या खिशात ठेवून, उतरल्यापासून नदीकडेच बघत बसलेले. साडेपाच वाजले, मुलगी विचारून विचारून थकली. शेवटी तिथल्या एका बोटवाल्या काकांना ब्रोशर दाखवलं. त्यांनी फोन हातात घेतला, फोटो मोठा केला आणि बोट ठेवून म्हणाले, "असली बोट आमच्याकडे नाय हा. ह्यो पूल पणजेचो." खरंच, बोटीच्या मागे तारांनी तोललेला मांडवीवरचा अटल सेतू! गोव्यातल्या क्रूझचा फोटो उचलून वर मालवण लिहिलेलं. फोटो मोठा करून मागे काय दिसतंय ते बघा, कुठलंही बुकिंग असो.

मग ड्रायव्हर पुढे आला, बिचारा अवघडून म्हणाला, "माका सांगितल्यानी पैशे पार्टी देतली." दिवसभर फिरवलं होतं त्याने, इंधन त्याचं. त्याला 2,400 दिले. 12,050 तिकडे, 2,400 इकडे.

1930 ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, लगेच फोन केला, तक्रार घेतली, नंबर मिळाला. हे करायचंच, पहिल्या तासात करायचं, ट्रान्झॅक्शनचा यूटीआर नंबर (अ‍ॅपमध्ये दिसणारा व्यवहाराचा क्रमांक) हाताशी ठेवून. पण त्याच्या पुढचं ऐका. जवळच्या चौकीत गेलो तर म्हणे पैसे तुमच्या घरून पाठवलेत, तिकडे तक्रार द्या. घरी येऊन इकडच्या ठाण्यात गेलो तर म्हणे प्रकार कोकणात झालाय, हद्द तिकडची. अहो 2024 च्या जुलैपासून नवा कायदा लागू आहे, हद्द कुठलीही असली तरी तक्रार नोंदवायची असं त्यात आहे, ते सांगितलं तर साहेब म्हणाले तुम्ही वकील आहात का? मग अर्ज द्या म्हणाले, अर्ज दिला तर झेरॉक्स जोडा, झेरॉक्स जोडली तर संबंधित अंमलदार रजेवर. त्यात एकाने आईसमोर हसून विचारलं, "शिकलेले दिसता, मग कसे फसलात?" चोराला नाही विचारत कोणी असं! बँकेत तर काउंटरवरच्या बाईंनी वर न बघता सांगितलं, पिन तुम्ही स्वतः टाकलाय, आमची जबाबदारी नाही. बरं, मग ज्या खात्यात पैसे गेले ते खातं कोणाच्या कागदांवर उघडलं, ते बघणं कोणाची जबाबदारी? उत्तर नाही. लेखी द्या म्हटलं तर मेल करा. मेल केला तर तीन ओळींचं छापील उत्तर.

आता कळलंय की शेवटचे 4,175 त्या खात्यात होल्ड झालेत, बाकी काढून घेतलेले. पण होल्ड झालेले सोडवायला कोर्टाचा आदेश लागेल असं मला सांगितलं, आणि एका वकिलाने त्या अर्जाचे 5,000 सांगितले.

गाडी नसलेल्यांनी एवढंच करा, कुडाळहून मालवणला एसटी आहे. 75 पूर्ण झालेल्यांना फुकट, बायकांना अर्धं तिकीट, म्हणजे बाबांचं शून्य आणि आई, बायकोचं अर्धं पडलं असतं. मालवणच्या आत रिक्षा मिळते, आधी भाडं ठरवा. होडीचं तिकीट धक्क्यावरच काढा, देवबागला बोट काठावर जाऊन बघून ठरवा, पैसे चढताना. 26 मे ते 31 ऑगस्ट प्रवासी बोटी बंदच असतात, त्या दिवसांचं बुकिंग कोणी घेत असेल तर तो चोरच. डिपॉझिट म्हणाला की फोन ठेवा. आधारचे फोटो अजिबात देऊ नका, आमचे पाचही त्याच्याकडे आहेत आणि त्यावर तो काय करेल ह्याची धास्ती आईने घेतलीय. आम्ही सगळ्यांच्या आधारचं बायोमेट्रिक (बोटांचे ठसे वगैरे) लॉक केलं, तुम्ही पाठवले असतील तर आजच करा.

ते पेज काल परत दिसलं. नाव बदललंय, मालवणच्या जागी रत्नागिरी लिहिलंय, फोटो तोच, मागे तोच पूल. मी रिपोर्ट केलंय, तुम्हाला दिसलं तर तुम्हीही करा आणि रत्नागिरीला जाणारं कोणी ओळखीचं असेल तर त्यांना आजच फोन करून सांगा.