शेळ्यांसाठी मिनरल मिक्श्चर घेताय? आमच्या गटाला कसं फसवलं ते आधी वाचा

बार्शी तालुक्यात आमचा बायकांचा बचत गट आहे, बहुतेकींकडे उस्मानाबादी शेळ्या, कुणाकडे पाच तर कुणाकडे वीस. बकरी ईदच्या आधी दोन-तीन महिने सगळ्यांची बोकड तयार करायची धडपड चालू असते आणि नेमका तोच टाइम साधून मिनरल मिक्श्चर म्हणजे खनिजांची पावडर विकणारे हे लोक गावात येतात. म्हणून सगळं सविस्तर लिहितेय, मोठं झालं तरी पूर्ण वाचा.

गाडीवर बॅनर, गळ्यात आयकार्ड, एक जण स्वतःला डॉक्टर म्हणवणारा आणि सोबत वजनकाटा घेतलेला पोरगा. मंदिराच्या सभामंडपात मोफत शिबिर म्हणून सगळ्यांना बोलावलं. बोलायला एकदम गोड, ताई ताई करत होता, "ताई, शेळी भिंत चाटते, माती खाते, एकमेकींचे केस ओढते, होतं ना असं?" आता हे कुणाच्या गोठ्यात होत नाही, सगळ्याच म्हणाल्या होतं. मग म्हणाला ही सगळी खनिजांची कमतरता, आमची इम्पोर्टेड चिलेटेड पावडर द्या, महिन्यात बोकड ओळखू येणार नाही. ५ किलोची बकेट २,२५० रुपये, तीन घेतल्या तर चौथी फ्री. पैसे यूपीआयने, ते पण एका माणसाच्या पर्सनल नंबरवर, आणि पक्कं बिल कंपनी व्हॉट्सअपवर पाठवेल असं सांगितलं. ते बिल कधीच आलं नाही.

बायकांचा विश्वास बसला तो डेमोमुळे. त्याने चिमूटभर पावडर तळहातावर घेतली, बडीशेपेसारखा वास होता तिला, आणि शेळ्या दावं ताणून त्याच्या हाताकडे धावल्या. "बघा ताई, जनावराला कळतं त्याच्या शरीराला काय पाहिजे." लोकांनी टाळ्या वाजवल्या. नंतर आमच्या सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा उलगडा झाला, की पावडरमध्ये मीठ भरपूर होतं. ज्या शेळीला गव्हाणीत मीठ मिळत नाही ती मिठावर अशीच तुटून पडते, त्यात कुठल्या औषधाचा काही गुण नाही.

वजनाची गोष्ट तर याहून वाईट. पहिल्या दिवशी सकाळी उपाशीपोटी वजन घेतलं, काही दिवसांनी परत आला तेव्हा संध्याकाळी, शेळ्या चरून पाणी पिऊन आल्यावर घेतलं. खारट पावडर खाल्ली की जनावर पाणी जास्त पितं, पोट भरलेलं असतं, साहजिक काट्यावर एक-दोन किलो जास्त दिसणारच. ती वाढ पोटातल्या पाण्याची आणि चाऱ्याची, मांसाची नाही. पण त्या दुसऱ्या वजनानंतर ज्यांनी आधी घेतली नव्हती त्यांनी पण बकेट घेतल्या. वजन बघायचं असेल तर दोन्ही वेळा सकाळी, चारा-पाणी द्यायच्या आधी, आणि काटा आपला पाहिजे.

डोस त्याने सांगितला रोज ५० ग्रॅम एका शेळीला. मोठ्या शेळीला मिनरल मिक्श्चर साधारण १० ते १५ ग्रॅम लागतं, करडाला ५ ग्रॅमच्या आसपास. ५० ग्रॅमने वीस शेळ्यांना दिवसाला एक किलो झालं, म्हणजे बकेट पाच दिवसात खलास! डोस शेळीच्या गरजेवर ठरवलाच नव्हता, दुसरी बकेट लवकर विकली जावी म्हणून ठरवला होता. आणि एकीने विचारलं माझ्याकडे चार मेंढ्या पण आहेत, तर म्हणाला त्यांना पण हेच द्या. हे तर कुठल्याच पावडरबाबत ऐकू नका, शेळीला तांबं लागतं पण मेंढीला जास्त तांबं सोसत नाही, लिव्हरमध्ये साठत जातं आणि मेंढी अचानक दगावते.

संशय पहिल्यांदा आमच्या जाऊबाईंना आला. बकेट रिकामी झाल्यावर धान्य ठेवायला म्हणून त्या धूत होत्या, तर पाण्याने स्टिकर सुटलं आणि खाली दुसरंच छापलेलं निघालं, भिंतीला लावायच्या पुट्टीचं. एका कडेला पुट्टीचा वाळलेला पांढरा थर तसाच होता. मग आम्ही ते स्टिकर नीट वाचलं. कॅल्शियम ४८ टक्के लिहिलेलं. आता बघा, शुद्ध चुनखडीत सुद्धा कॅल्शियम ४० टक्केच असतं, मग ज्यात फॉस्फरस आहे, झिंक आहे, तांबं आहे, आयोडीन आहे अशा मिक्श्चरमध्ये ४८ कुठून येणार? नुसता हा आकडाच खोटं सांगत होता पण तो वाचायला कुणी दिलाच नाही.

गटाने वर्गणी काढून सँपल लॅबला दिलं. रिपोर्टमध्ये चुनखडीची पावडर आणि मीठ, फॉस्फरस नावापुरता. आणि मिक्श्चरमध्ये खरा पैसा लागतो तो फॉस्फरसलाच. तो मुख्यतः डीसीपी म्हणजे डायकॅल्शियम फॉस्फेटमधून येतो, त्यात फॉस्फरस १८ टक्क्यांच्या आसपास असतो. आयएसआयच्या मिठाशिवायच्या मिक्श्चरला फॉस्फरस किमान १२ टक्के लागतो, म्हणजे जवळजवळ दोन तृतीयांश पोतं डीसीपीचंच झालं. चुनखडी त्यामानाने मातीमोल, म्हणून भेसळ करणारा सगळ्यात आधी डीसीपी काढतो आणि चुनखडी भरतो, रंग तोच दिसतो. चिलेटेड हा शब्द खोटा नाही, झिंक, तांबं, मँगनीज अशी खनिजं अमिनो आम्लाला जोडून देतात तेव्हा ती अंगी चांगली लागतात, पण तो माल महाग असतो आणि त्यात कुठलं खनिज किती ते लेबलवर वेगळं लिहिलेलं असतं.

लिंबू पिळून फेस आला की माल नकली असं काही जण सांगतात, त्यावर जाऊ नका. फेस चुनखडीमुळे येतो आणि थोडी चुनखडी चांगल्या मिक्श्चरमध्ये पण असते. लॅबशिवाय नक्की कळत नाही.

पैसे गेले त्याचं दुःख आहेच पण खरं नुकसान वेगळंच झालं. पावसाळ्याच्या तोंडावर आंत्रविषाराची लस आणि जंताचं औषध यासाठी बायकांनी पैसे बाजूला ठेवले होते, ते बकेटमध्ये गेले. त्या माणसाने तर सांगितलं होतं की या पावडरने जंत आपोआप पडतात. एका आजींची गाभण शेळी होती, पोटातल्या करडांची वाढ सगळ्यात जास्त शेवटच्या पन्नास-एक दिवसात होते, नेमक्या त्या दिवसात तिला चुना आणि मीठ मिळालं. जुळी झाली, दोन्ही अशक्त, आजी रात्रभर चुलीजवळ पोत्यात गुंडाळून बाटलीने दूध पाजत बसल्या, एक जगलं. डॉक्टरांनी शेळीची खालची पापणी उघडून दाखवली, आतून पांढरीफटक, जंतांनी रक्त शोषलेलं. खनिजं कमी असणार हे ते पण म्हणाले, पण आधी जंत काढा, पोटात जंत असताना वरून दिलेलं अंगी लागत नाही.

आता आम्ही कसं घेतो ते सांगते. दुकानातून, पक्क्या बिलावर. पिशवीवर आयएसआय मार्क, त्याच्या वर आयएस १६६४ म्हणजे मिनरल मिक्श्चरच्या मानकाचा नंबर आणि खाली सीएम/एल म्हणजे लायसनचा नंबर, तो लायसन नंबर मोबाईलवर बीआयएस केअर ॲपमध्ये टाकला की लायसन कुणाच्या नावावर आहे आणि चालू आहे का ते दिसतं. आमच्या बकेटवर आयएसओ लिहिलं होतं, बायकांना वाटलं आयएसआयच आहे. मिठाशिवायचं म्हणजे टाइप २ घेतो आणि मीठ वेगळं देतो, मिठाच्या वजनाचे पैसे खनिजाच्या भावाने कशाला द्यायचे. उत्पादकाचा पूर्ण पत्ता, महिना-वर्ष, वजन, एमआरपी यातलं एक जरी नसेल तरी पिशवी परत ठेवायची.

ज्यांचे पैसे आताच गेलेत त्यांनी लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा, यूपीआयचे पैसे अडवायचे तर जितक्या लवकर कळवाल तितकं बरं. आम्हाला ते उशिरा कळलं. ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे, आणि जिल्हा ग्राहक आयोगात ५ लाखापर्यंतच्या तक्रारीला फी लागत नाही. आम्ही पोलीस स्टेशनला अर्ज दिलाय, त्यांनी पहिली गोष्ट मागितली ती बकेट. म्हणून रिकामी बकेट, स्टिकर, उरलेली मूठभर पावडर आणि पेमेंटचा स्क्रीनशॉट सांभाळून ठेवा. आमच्यातल्या निम्म्या जणींनी बकेट धुऊन वापरायला काढल्या होत्या, स्टिकर गेलं की पुरावा गेला.