अंदमानसाठी घेतलेली ८×४२ दुर्बीण: एसी, बोट आणि बुरशी

सर्व्हिस सेंटरने दुर्बीण जशीच्या तशी परत पाठवली, सोबत एका ओळीची चिठ्ठी, "फंगस वॉरंटीत येत नाही." जाता-येता कुरिअरचा खर्च माझा. म्हणून हे लिहायला बसलोय. ब्रँडचं नाव घेत नाही, ईमेलवर भांडण अजून चालू आहे. ८×४२ (आठपट मोठं दाखवते, पुढची काच ४२ मिमीची), रूफ प्रिझम म्हणजे सरळ नळ्यांची, नायट्रोजन भरलेली, वॉटरप्रूफ, या किमतीत सगळ्यांची तीच गोष्ट, स्पेक तुम्हाला पाठ असतील. सेलमध्ये ११,५०० ला घेतली, आणि घेतली ती अंदमानला स्वतःच प्लॅन करून पक्षी बघायला जायचं ठरलं म्हणून, नाहीतर आमच्या चिपळूणला जुन्या दुर्बिणीवर भागत होतं.

१०× का नाही असं खूप जण विचारतात. अंदमानात पक्षी बघायचे म्हणजे बराचसा वेळ दाट जंगलाच्या कडेने आणि तोही पहाटे किंवा तिन्हीसांजेला. ४२ ला ८ ने भागा, सव्वापाच मिमी येतात, म्हणजे डोळ्यापर्यंत पोचणाऱ्या प्रकाशाच्या झोताची रुंदी, १० ने भागलं तर ४.२. त्या एका मिमीत दक्षिण अंदमानातल्या चिडिया टापूच्या रस्त्यावर अंधारून आल्यावर फांदीवरचं घुबड दिसतं किंवा दिसत नाही. इमेज चांगली आहे, कडेला थोडी मऊ पडते, फोकस व्हील जरा जड. बस, ऑप्टिक्सबद्दल एवढंच.

आता मुद्द्याचं. काचेवर धुकं.

तिकडे घड्याळ आपलंच पण सूर्य वेगळा. फेब्रुवारीत पावणेसहाच्या आसपास सूर्य उगवतो आणि संध्याकाळी साडेपाचच्या आत मावळतोसुद्धा. म्हणजे सव्वापाचला खोलीबाहेर पडलात तरच पक्षी. आणि मी रात्रभर एसीत गार झालेली दुर्बीण घेऊन बाहेर आलो की दोन्ही बाजूच्या काचा पांढऱ्या. पुसा, परत पांढऱ्या. दहा-पंधरा मिनिटं काही दिसत नाही, आणि नेमकी तीच दहा-पंधरा मिनिटं अंदमानी सुतार पक्षी समोरच्या वठलेल्या झाडावर ठकठक करतोय, तो आख्खा काळा पक्षी जगात दुसरीकडे कुठे नाही, आणि मी बनियनने काच पुसतोय. बॉक्सवर फॉगप्रूफ छापलंय ते फक्त आतल्या बाजूचं, नायट्रोजन आत असतो, बाहेरच्या काचेला हवेतल्या दमटपणापासून कोण वाचवणार. म्हणजे तक्रार करायला जागाच नाही, ही चीड आणखी वेगळी.

मग पुढचा सगळा प्लॅन या धुक्याभोवती फिरला, हे खरंच सांगतोय. पुढच्या खोल्या नॉन-एसी करायला निघालो. बायको म्हणाली, "अहो, अंदमानात नॉन-एसी? दुर्बिणीसाठी?" मग तह असा झाला की एसी चालू, पण दुर्बीण रात्री बाथरूममध्ये, कारण तिथे एसीची हवा पोचत नाही. चाललं. टॅक्सीतही काचा खाली. दुसरा उपाय म्हणजे एसीतच झिपच्या पिशवीत घालून तोंड बंद करायचं आणि बाहेर आल्यावर दुर्बीण कोमट होईपर्यंत पिशवी उघडायची नाही, पाणी पिशवीवर बसतं, काचेवर नाही.

आणि बोटी! स्वराज द्वीपला (हॅवलॉक म्हटल्याशिवाय अजून कुणाला कळत नाही) खाजगी कॅटामरान (वेगवान जोड-बोट) घेतलीत तर बंद एसी हॉलमध्ये खुर्चीला खिळून बसता, समुद्र खिडकीतून, आणि उतरल्यावर पुन्हा धुकं. सरकारी बोट संथ, दोन-अडीच तास घेते, तिकिटं फार आधी मिळत नाहीत, पण डेक उघडा. मी येताना सरकारीच घेतली, पैसे वाचले हे एक कारण होतंच, पण डेकवरून काळ्या मानपट्टीचे सुरय पक्षी दिसले, बेटाजवळ आल्यावर समुद्रगरुड, आणि काच कोरडीठाक. खाजगी बोटीच्या तिकिटावर घातलेले पैसे मला अजून टोचतात.

प्लॅनिंगबद्दल थोडं, कारण पॅकेजवाले पक्ष्यांचं नाव काढलं की पॅरट आयलंड एवढंच म्हणतात. ईबर्ड या पक्षीनोंदींच्या साइटवर हॉटस्पॉट फुकट बघता येतात, मर्लिन या पक्षी ओळखायच्या ॲपचा पॅक घरूनच डाउनलोड करून न्या. सिप्पीघाटची पाणथळ जागा चुकवू नका. २००४ च्या त्सुनामीच्या भूकंपात दक्षिण अंदमानची जमीन खचली आणि समुद्राचं पाणी भातशेतीत शिरलं ते राहिलंच, आता तिथे अंदमानी टील बदकं असतात, रस्त्यावरून दिसतात. पॅरट आयलंड बाराटांग बेटाजवळ आहे, पोपट संध्याकाळी झोपायला येतात, पण जारवा आदिवासींच्या राखीव भागातून पोर्ट ब्लेअरला (आता श्री विजय पुरम) परतायचा शेवटचा कॉन्व्हॉय, म्हणजे एकत्र सोडलेला गाड्यांचा ताफा, दुपारीच निघतो, म्हणजे बाराटांगला मुक्काम केल्याशिवाय ते जमत नाही, हे एकही पॅकेजवाला आधी सांगत नाही. निकोबारला ट्रायबल पास लागतो, सहलीला म्हणून मिळत नाही. नारकोंडमचा धनेश, जेमतेम सात चौरस किलोमीटरच्या एका बेटावर राहणारा, तिथे तुम्ही-आम्ही पर्यटक सहजासहजी जाऊ शकत नाही, तो लिस्टमधून काढूनच टाका म्हणजे त्रास होत नाही. सेल्युलर जेल घरच्यांसाठी दुपारी ठेवा, दुपारी पक्षीही झोपतात.

अंदमानी भारद्वाज मात्र हॅवलॉकला हॉटेलच्या कुंपणावरच बसला होता, मातकट डोक्याचा, आपल्या काळ्या भारद्वाजापुढे अगदी धुतलेला वाटतो. तेव्हा दुर्बीण बाथरूममध्ये होती.

सुरुवातीचं सर्व्हिस सेंटरचं सोडलं तर इथपर्यंत मे महिन्यातच लिहून ठेवलं होतं आणि पाचपैकी चार तारे द्यायचे म्हणत होतो. आता ऑक्टोबर आहे, आणि मत बदललंय.

चिपळूणचा पावसाळा. दुर्बीण कपाटात तिच्याच कापडी केसमध्ये होती. गणपतीत काढली तर उजव्या नळीत आतून कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे. बुरशी. आता मला सांगा, सील धड असेल, आत कोरडा नायट्रोजन असेल, तर बुरशीला आत ओल मिळाली कुठून? हा साधा प्रश्न मी तीन वेगवेगळ्या ईमेलमध्ये विचारला, उत्तर प्रत्येक वेळी तेच, फंगस वॉरंटीत येत नाही. फोनवर तर म्हणे "सर, दमट हवेत वापरू नका." वॉटरप्रूफ म्हणून विकायची आणि दमट हवेत वापरू नका! सफाईचं एस्टिमेट ४,२०० अधिक जीएसटी, आणि त्यानंतर पुन्हा सील करून देतील का याला उत्तर नाही.

कोकणातल्यांसाठी: दुकानातून आणल्या दिवशीच कापडी केस बाजूला ठेवा, हवाबंद डबा घ्या, सिलिका जेल (ओल शोषणारे दाणे) भरपूर टाका, निळं जेल गुलाबी झालं की तव्यावर मंद आचेवर गरम करून परत वापरता येतं. स्वस्तातला ह्युमिडिटी मीटर डब्यात ठेवला की पन्नासच्या खाली राहतोय ना कळतं. आतली हवा कोरडी ठेवणारं ड्राय कॅबिनेट भारी असतं पण दुर्बिणीच्या अर्ध्या किमतीचं कॅबिनेट मी तरी घेणार नाही.

चार तारे द्यायचे होते, आता दोन. दोन्ही तारे डाव्या नळीला, ती अजून स्वच्छ आहे. ४,२०० भरणार नाही. पुढच्या वेळी लिटल अंदमान करायचंय, तिथल्या हट बे बंदराची बोट सरकारीच, आणि बायकोने स्पष्ट सांगितलंय की यावेळी खोलीला एसी आणि बाथरूममध्ये फक्त बादली. कुणी या किमतीत पावसाळा काढलेली दुर्बीण वापरत असेल तर मॉडेल सांगा, बिलासकट.