पेरूच्या रोपांच्या मुळांवर गाठी असतील तर "नत्राच्या गाठी" म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका

मंडळी, पेरूची लागवड करायच्या विचारात असाल तर हे पूर्ण वाचा. माझे रोपांचे 45 हजार गेले, खड्डे, शेणखत, ठिबक, मजुरी ते वेगळंच, आणि पैशापेक्षा मोठं दुखणं म्हणजे माझं रान खराब झालं.

दीड एकरात तैवान पिंक जातीचा पेरू लावायचं ठरवलं होतं. ओळखीतल्या एकाने एजंटचा नंबर दिला. माणूस बोलायला एकदम गोड, "दादा तुम्ही फक्त खड्डे घ्या, गाडी बांधावर येईल". व्हॉट्सॲपवर नर्सरीच्या परवान्याचा फोटो पाठवला, शेडनेटमधल्या हिरव्यागार रोपांचे व्हिडिओ पाठवले, 45 रुपयाला एक रोप पोच. मी परवाना बघून निर्धास्त झालो. पण तो परवाना कुणाच्या नावावर आहे आणि रोपं कुठून भरली, हे दोन्ही एकच आहे का ते विचारलंच नाही. नंतर ड्रायव्हरकडून कळलं की माल तिसऱ्याच ठिकाणाहून, रस्त्याच्या कडेच्या एका विनापरवाना नर्सरीतून उचलला होता.

गाडी संध्याकाळी आली, अंधार पडायला लागलेला, पाऊस भुरभुरत होता, माणसं उतरवून घ्यायच्या घाईत. एक पिशवी हातातून पडून फाटली आणि मुळी उघडी पडली. मुळीवर ज्वारीच्या दाण्याएवढ्या गाठी, काही ठिकाणी माळेसारख्या एकापुढे एक. मी एजंटला दाखवलं. तो लगेच म्हणाला, "अहो दादा या नत्राच्या गाठी, हरभऱ्याला असतात ना तशा, चांगलं लक्षण आहे, खत कमी लागेल." आणि मी मान्य केलं! आयुष्यभर हरभरा, भुईमूग केलेला माणूस मी, मला कळायला पाहिजे होतं. नत्राच्या गाठी हरभरा, भुईमुगासारख्या शेंगवर्गीय पिकाला असतात, पेरूला कुठून येणार. आणि हरभऱ्याची गाठ मुळीच्या बाजूला चिकटलेली असते, नखाने टकटक सुटते, जिवंत गाठ फोडली तर आतून गुलाबी. पेरूवरची ती गाठ म्हणजे मुळीच स्वतः सुजलेली होती, सोडवायला गेलं तर मुळी तुटते.

ती सूत्रकृमीची गाठ होती. रूट नॉट निमॅटोड. डोळ्याला दिसत नाही इतका बारीक किडा मुळीत शिरतो, मादी तिथेच बसते आणि शेकड्याने अंडी घालते, उबदार जमिनीत महिन्याभरात पुढची पिढी तयार. पेरूला जी जात सगळ्यात वाईट आहे ती, मेलॉयडोगायनी एंटरोलोबी, 2016 मध्ये तमिळनाडूतल्या पेरूच्या बागांत सापडल्याची नोंद आहे. ती एका बागेतून लांबच्या दुसऱ्या बागेत स्वतः चालत जात नाही, रोपाच्या पिशवीतल्या मातीतून जाते. म्हणजे आपणच पैसे देऊन गाडीत घालून आणतो.

पहिले चार-पाच महिने रोपं बरी दिसली. मग पानं लालसर पडायला लागली, कडा करपल्यासारख्या, दुपारी पाणी असून झाड माना टाकायचं. मला वाटलं अन्नद्रव्य कमी पडतंय, म्हणून झिंक, मॅग्नेशियम, ह्युमिक सगळं सोडलं. पुढे मर सुरू झाली, कारण गाठींनी जखमी झालेल्या मुळीत बुरशी घुसते. केव्हीकेच्या (कृषी विज्ञान केंद्राच्या) सरांनी एक झाड उपटून बादलीत धुतलं आणि मला म्हणाले हे बघा. जाड मुळ्या फुगून आल्यासारख्या, पांढरी मुळी नावालाच. सर म्हणाले, बाजारातला पेरू खाल्ला की विषय संपला, रोप मात्र जमिनीत जातं आणि किडीला घर मिळतं, म्हणून लावायच्या रोपाची तपासणी फळापेक्षा कडक असायला पाहिजे.

एजंटने फोन उचलला तो एकदाच, "तुमच्या जमिनीतच असेल" म्हणाला. कृषी कार्यालयात गेलो, त्यांनी बिल मागितलं. माझ्याकडे कच्ची चिठ्ठी, "रोपे 1000 नग" एवढंच, ना नर्सरीचं नाव ना जातीचं. फळरोपवाटिकेला परवाना लागतो, 1969 चा राज्याचा कायदा आहे, पण तक्रार करायची कुणाविरुद्ध? सुप्रीम कोर्टाने 2012 मध्ये बियाण्याच्या प्रकरणात शेतकरी हा ग्राहक आहे असं म्हटलेलं आहे, म्हणजे ग्राहक आयोगाचा रस्ता आहे, पण तिथेही कागद लागतोच. तेव्हा पक्कं बिल घ्या, त्यावर जात, नग, परवाना नंबर लिहून घ्या, आणि गाडी उतरवायच्या आधी वेगवेगळ्या भागातल्या दहा-वीस पिशव्या कापा, मुळ्या पाण्यात धुऊन उजेडात बघा. विकणारा नाही म्हणाला तर गाडी परत पाठवा, त्याचं भाडं तुम्ही भरलंत तरी स्वस्त पडेल.

आता मी निंबोळी पेंड आणि ट्रायकोडर्मा, पॅसिलोमायसिस या उपयोगी बुरशी देतोय, मधल्या पट्ट्यात झेंडू लावलाय. काही झाडं सावरतायत, सगळी नाहीत. त्या रानात टोमॅटो, वांगी, मिरचीचा विचार सोडलाय, कारण हीच कीड त्यांच्या मुळ्यांवरही बसते.

माझ्या गाडीतली 40 रोपं मेव्हण्याने नेली होती, परसात लावायला. त्याला फोन करायची हिंमत होईना, शेवटी परवा स्वतःच गेलो. दोघांनी मिळून सगळी उपटली, मुळ्या धुतल्या. 31 ला गाठी निघाल्या. तिथेच पालापाचोळा टाकून जाळली.