जीबीएसनंतर परत दुचाकी: जुनी ३५०, स्प्लेंडर, साइड व्हील की रिव्हर्सवाली इलेक्ट्रिक?

जीबीएस (गियाँ-बारे सिंड्रोम, शरीर स्वतःच्याच नसांवर हल्ला करतं आणि हातपाय जातात) होऊन गेलाय, हातपाय परत आलेत, चालता येतंय, पण घोट्याखालचा कारभार अजून ढिला आहे आणि तरी दुचाकी सोडायची नाहीये, अशा लोकांसाठी हे लिहितोय. २०२५ च्या जानेवारीत पुण्यात सिंहगड रोडकडे साथ आली तेव्हापासून या आजाराचं नाव तरी कोणाला समजावून सांगावं लागत नाही, मला त्याच्या आधीचा. स्ट्रोकनंतर एक बाजू कमजोर राहिलेल्यांनाही यातलं बरंच लागू पडेल, फक्त त्यांनी नजर आणि अंतराचा अंदाज न्यूरोच्या डॉक्टरकडून आधी तपासून घ्यावा, गाडीचं नंतर बघावं.

सगळे पहिलं हेच विचारतात की क्लच झेपेल का. बहुतेकांना झेपतो हो. हात पायाच्या आधी येतात. या आजारात अशक्तपणा पायापासून वर चढतो आणि उतरताना उलटा उतरतो, शिवाय ज्यांच्या नसांच्या आतले तंतूच खराब झालेत त्यांच्यात नस परत वाढते ती दिवसाला साधारण १ मिलिमीटर, आता कमरेपासून पावलापर्यंतचं अंतर मोजा म्हणजे पावलं सगळ्यात शेवटी का येतात ते कळेल. क्लचला नवीन केबल टाकली, तेल सोडलं, लिव्हर बोटांच्या जवळ घेतला की बराच फरक पडतो. काही मेकॅनिक इंजिनाकडचा क्लच आर्म लांब करून देतात, त्याने हलका होतो पण मग तो पूर्ण सुटतोय ना ते बघावं लागतं, नाहीतर न्यूट्रल सापडत नाही.

खरी अडचण डाव्या पावलाची. फूट ड्रॉप म्हणजे पाऊल खाली दाबता येतं पण वर उचलता येत नाही, आणि बुटात एएफओ (घोटा धरून ठेवणारा प्लास्टिकचा सपोर्ट) घातला असेल तर घोटा तसाही नव्वद अंशात अडकलेला. त्यामुळे लिव्हरखाली चवडा घालून गियर वर उचलायचा हा प्रकारच संपला. इथे एक गंमत आहे. रॉयल एन्फिल्डच्या हंटर ३५० ला २०२५ च्या मॉडेलपासून स्लिप-असिस्ट क्लच आला, हाताला एकदम हलका, वजन १८१ किलो, म्हणजे कागदावर आपल्यासाठीच बनवलेली, पण गियर लिव्हर एकेरी, चवड्याने उचलायचा. त्यांच्याच क्लासिक ३५० ला टाचेने दाबायचा मागचा लिव्हर आहे त्यामुळे वरचा गियर टाचेने पडतो, पण ती १९५ किलोची. एकीकडे हात सुटतो तर पाय अडकतो, दुसरीकडे पाय सुटतो तर सगळं अंग अडकतं.

स्प्लेंडरला लोक हसतात पण या बाबतीत तिच्याइतकी सोयीची गियरची गाडी मला दिसली नाही. चारही गियर खाली दाबूनच पडतात, उतरवायला टाच, म्हणजे पाऊल उचलायचं कामच नाही. ११२ किलो वजन, १८ इंची चाकं, क्लच लोण्यासारखा. ज्यांना गियरशिवाय करमतच नाही त्यांनी आधी ही चालवून बघा, माझ्या मते अर्ध्या लोकांचा शोध इथेच संपेल. उजव्या पायाचं मात्र सांभाळा, पाऊल लोंबतं ते ब्रेक पेडलवर जाऊन बसतं, आपल्याला जाणवत नाही, मागून येणारा सांगतो की अहो ब्रेक लाइट सतत चालू आहे.

माझी ३५० च होती आणि मी ती टाच-लिव्हर, हलका क्लच वगैरे करून परत चालवायला लागलो होतो. चालवायला काही त्रास नव्हता, हे मुद्दाम सांगतो कारण लोकांना वाटतं चालवणं कठीण. ठाण्यात घोडबंदर रोडला एकदा गाडी चाळीसच्या पुढे गेली की आजारी माणूस आणि धडधाकट माणूस यात गाडीला फरक कळत नाही. माझं अडलं ते पार्किंगमध्ये.

आमची सोसायटी वाघबीळच्या आतल्या बाजूला, दुचाकी पोडियमखाली लावायच्या, तोंड भिंतीकडे. आणि पाणी निघून जावं म्हणून फरशीला उतार दिलाय तोही भिंतीकडेच. म्हणजे सकाळी गाडी काढायची तर उलटी आणि चढावर. बसून पायाने मागे रेटायची तर चवड्यावर जोर लागतो, तो एएफओमध्ये लागत नाही, नुसता बूट घसरतो. उतरून हँडल धरून ओढायची तर उलटं चालायला लागतं, आणि उलटं चालताना लोंबणारं पाऊल सगळ्यात आधी अडकतं, वर हातात १९५ किलो. लोक म्हणायचे उलटी लाव ना आत. लावून बघितली. उताराला मागे सोडायची म्हणजे सगळं वजन मागे खेचतंय, थांबवायला फक्त पुढचा ब्रेक, एका बाजूला खांब, आणि पावसाळ्यात फरशी ओली, असलं रोज कोण करणार. मग वॉचमन काका. काका बिचारे चांगले, कधी नाही म्हणाले नाहीत, पण रोज सकाळी ऑफिसच्या घाईत "काका जरा हात लावता का" म्हणायचं, आणि ते गेटवर कोणाच्या तरी डिलिव्हरीत अडकलेले असले की हेल्मेट घालून खांबाजवळ उभं राहायचं, हे मला क्लचपेक्षा जास्त लागलं. ऐरोलीला ऑफिसच्या पार्किंगमध्ये दुसरे काका.

हे कोणाला क्षुल्लक वाटेल, ज्यांच्याकडे सपाट, मोकळी जागा आहे त्यांना तर नक्कीच वाटेल, आणि त्यांनी माझं ऐकून ३५० विकू नये. पण माझा हिशोब तिथून बदलला. गाडी चालवून बघायची ती शून्य ते पाचच्या स्पीडला, बाकी सगळं त्यानंतर.

इलेक्ट्रिक स्कूटरकडे मी पर्यावरणासाठी वगैरे गेलो नाही, रिव्हर्ससाठी गेलो. आयक्यूबला पार्क असिस्ट आहे, एथरला आहे, चेतकला आहे, बटण दाबून हळूच अ‍ॅक्सिलरेटर दिला की गाडी चालण्याच्या वेगाने स्वतः मागे येते, आपण फक्त बसून पाय टेकत राहायचं. आमच्या त्या उताराला ती आरामात वर येते. दुसरं सुख म्हणजे पाय वरून टाकायचा नाही. ८०५ मिलिमीटरच्या सीटवरून पाय पलीकडे नेताना एएफओचा बूट हमखास मागच्या सीटला अडकायचा, इथे समोरून पाय आत ठेवला की झालं, पाऊल फ्लोअरबोर्डवर सपाट, लोंबायला जागाच नाही. दोन्ही ब्रेक हाताला. संध्याकाळी जो थकवा येतो, जीबीएसवाल्यांना कळेल मी कशाबद्दल बोलतोय, बाहेरून काहीच दिसत नाही पण आतून बॅटरी संपलेली, तेव्हा कळव्यापासून विटाव्यापर्यंत रांगेत सरकताना क्लच नसणं ही चैन आहे.

आता वाईटही सांगतो. १२ इंची चाकं. मेट्रोच्या कामात आपल्याकडचे रस्ते कसे झालेत ते तुम्हाला माहीत आहे, गायमुखकडचे खड्डे ३५० गिळून टाकायची, ही प्रत्येक खड्डा मणक्यापर्यंत पोचवते, आणि तळव्यांना मुंग्या असतील तर ते अजून वाईट वाटतं. विटाव्याच्या रेल्वे पुलाखाली पाणी भरलं की मी सरळ थांबतो, कारण खाली पाय कशावर टेकणार तेच दिसत नाही, पण हे कुठल्याही गाडीला लागू आहे. चार्जिंग पॉइंटसाठी सोसायटीच्या मीटिंगमध्ये जी चर्चा झाली त्यात एखादा माणूस परत आजारी पडेल. आणि माळशेजला जायची मजा यात नाही, ते मान्य.

मग घाटात जायचं असेल तर दुसरी गाडी ठेवायची का, तर ज्याची त्याची ऐपत आणि पार्किंग. मी ठेवली नाही.

साधी ११० ची स्कूटर का नाही असं विचाराल तर ती चांगलीच आहे, शंभर-एकशेपाच किलोच्या आसपासची, ज्यांच्या पायात मागे रेटायची ताकद आहे त्यांना इलेक्ट्रिकचे जास्तीचे पैसे घालायची काही गरज नाही. टीव्हीएसची एक्सएल १०० मोपेड तर अजून हलकी आणि ऑटो क्लच. एक बघा, ज्या स्कूटरला साइड स्टँड धड नाही ती घेऊ नका, कारण मेन स्टँडला पायाने दाबून गाडी वर घ्यायची हे आपल्यासाठी नाही.

साइड व्हील, म्हणजे मागे दोन्ही बाजूंना जादा चाकं लावलेली स्कूटर मी चालवून बघितली, घेतली नाही. कॉर्नरला ती कलत नाही, हँडल ओढून वळवावी लागते, वर्षानुवर्षं मोटरसायकल चालवलेल्या माणसाचं अंग ते ऐकत नाही. रस्ता एका बाजूला उतरता असला की सगळी गाडी तिकडे ओढते, आणि मधलं चाक खड्डा चुकवतं तेव्हा बाजूचं नेमकं त्यात जातं. तीन हात नाक्याला दोन रिक्षांच्या मधून निघायचं विसरा. तरी ज्यांना सिग्नलला एका पायावर गाडी सावरायचा भरवसा नाही, किंवा उभं राहून तोल जातो, त्यांनी बाकी काही वाचू नये, सरळ हीच घ्यावी, इथे हौस मध्ये आणायची नाही. किट लावलं की आरटीओमध्ये आरसीवर नोंद करून घ्या, ठाण्याला एमएच ०४, नवी मुंबईवाल्यांना वाशीला एमएच ४३. २०१९ च्या दुरुस्तीपासून मोटार वाहन कायद्यात अशा गाडीला अ‍ॅडॅप्टेड व्हेइकल म्हणतात आणि लायसन्सचा वर्गही त्याच नावाने आहे. नोंद नसलेल्या बदलावरून इन्शुरन्सवाले क्लेमच्या वेळी प्रश्न काढू शकतात, तो ताप नको.

लायसन्स रिन्यू करायला आलं असेल तर चाळिशीनंतर फॉर्म १ ए वर डॉक्टरची सही लागते, ती तुमचा आजार माहीत असलेल्या डॉक्टरकडूनच घ्या.

शोरूमला जायचं ते संध्याकाळी, थकल्यावर, रोज जो बूट घालता तो एएफओसकट घालून. सकाळी फिजिओ करून ताजंतवानं गेलात तर सगळ्याच गाड्या जमतील. सेल्समनला सांगा की चक्कर नंतर मारतो, आधी गाडी भिंतीला तोंड करून लावा, जमलं तर जरा उताराला, आणि कोणी हात लावू नका. सोबत कोणाला तरी न्या, गाडी धरायला नाही, मोबाइलवर शूटिंग करायला, कारण आपण पाय कुठे आणि कसा टेकतो ते सीटवरून आपल्याला दिसत नाही आणि तळव्याला तर समजतच नाही. ते घरी येऊन शांतपणे बघा, फिजिओ मॅडमनाही दाखवा, आणि मगच टोकन द्या.