'स्पेक्ट्रम'च्या आधीचा कोबम

जॅझ-रॉक ड्रमर बिली कोबमचं नाव निघालं की लोक थेट त्याचा 'स्पेक्ट्रम' (१९७३) हा अल्बम लावतात. फार तर त्याआधीची महाविष्णू ऑर्केस्ट्रा, गिटारवादक जॉन मॅकलॉफलिनचा बँड. माझी तक्रार नाही. त्यातल्या 'स्ट्रॅटस'चा ठेका पुढे मॅसिव्ह अटॅक या ब्रिटिश बँडने उचलला, त्यामुळे ज्यांनी कोबमचं नावही ऐकलं नसेल त्यांच्या कानातसुद्धा तो बसलाय. पण साथीला बसलेला कोबम ऐकायचा असेल, तर 'ड्रीम्स' या बँडचा त्याच नावाचा पहिला अल्बम काढा, १९७० चा.

तो आला कोलंबिया कंपनीकडून, आणि तिथेच त्याची पंचाईत झाली असावी. ब्लड, स्वेट अँड टीअर्स आणि शिकागो हे दोन्ही ब्रासवाले (ट्रंपेट-ट्रॉम्बोनवाले) रॉक बँड तेव्हा त्याच कंपनीकडे होते आणि धो धो विकले जात होते. तिसऱ्याकडे कोण बघणार? आज वादकांची यादी वाचली की हसू येतं: ट्रंपेटवर रँडी ब्रेकर, सॅक्सोफोनवर त्याचा धाकटा भाऊ मायकेल, ट्रॉम्बोनवर बॅरी रॉजर्स, गिटारवर जॉन अबरक्रॉम्बी. एवढी माणसं एका बँडमध्ये, आणि रेकॉर्ड धूळ खात पडलेली!

पहिल्या बाजूत गाणी आहेत आणि गायन मला फिकं वाटतं. घाई असेल तर सरळ दुसरी बाजू लावा. तिथे 'ड्रीम सूट' आहे, तीन भागांची लांबलचक रचना. तिघं फुंकणारे एकमेकांच्या वाक्यात वाक्य घालत राहतात, लिहून दिलेलं वाजवतायत असं वाटतच नाही. कोबम मध्ये घुसत नाही. हाय-हॅट (पायाने मिटणारी झांजांची जोडी) कोरडा, नेमका. स्नेअर या छोट्या, कडक आवाजाच्या ड्रमवर अधूनमधून अगदी हलके, जेमतेम ऐकू येणारे ठोके. जागा सापडली की छोटासा रोल टाकून सगळ्यांना समेवर आणून सोडतो आणि पुन्हा मागे जातो. 'क्रंची ग्रॅनोला' हा शेवटचा भाग तर मी फक्त ड्रम्ससाठी ऐकतो. शेवटी 'न्यूयॉर्क' येतं तेव्हा मात्र तो लगाम सोडतो, आणि पुढच्याच वर्षी महाविष्णू ऑर्केस्ट्रात जॉन मॅकलॉफलिनबरोबर काय होणार आहे ते तिथे ऐकू येतं.

त्याही मागे जायचं असेल तर जॅझ पियानोवादक होरेस सिल्व्हरचा 'यू गॉटा टेक अ लिटल लव्ह' (१९६९) हा अल्बम. अमेरिकी सैन्याच्या बँडमधून बाहेर पडून कोबमला फार दिवस झाले नव्हते. रँडी ब्रेकर इथेही आहे. सिल्व्हरचा पियानो स्वतःच इतका ठेक्यात चालतो की ड्रमरला फारसं काही करावं लागत नाही. कोबमही करत नाही. दंडात एवढी ताकद असलेला माणूस सिंबलवर इतका हलका हात ठेवू शकतो, हे 'स्पेक्ट्रम' ऐकून कुणाला पटणार नाही. ड्रम्स शिकणाऱ्यांनी आधी हा घ्यावा.

ड्रीम्सचा दुसरा अल्बम, 'इमॅजिन माय सरप्राइज' (१९७१), गिटारवादक स्टीव्ह क्रॉपरने निर्मित केलेला. गाणी आटोपशीर झाली, कोपरे घासून गुळगुळीत झाले, आणि कोबमला खेळायला मोकळी जागा उरली नाही. पहिला विकत घ्या. हा कुणाकडून मागून ऐकलात तरी चालेल.